काठ कापलेले फोटो

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

रिटायर झालेल्या माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या पूनम सागर सोसायटीत प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. योगा करा, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर या, नातवंडं सांभाळा. नातवंडं अजून नाहीत आणि कट्ट्यावर गुडघ्यांशिवाय विषय नाही. म्हणून मी स्वप्नालीचा जुना कॅमेरा कपाटातून काढला. लेक लग्न करून पुण्याला गेली, कॅमेरा इथेच राहिला. आता मी छायाचित्र मंडळात नाव घातलं आहे. मंडळाचे सेक्रेटरी नीरज म्हणाले, रोज लिहून ठेवा, कुठला फोटो कशाने फसला ते. म्हणून ही वही. हंसा म्हणाली, "फसलेल्या फोटोंचीच? बाकी काय काय फसलं त्याला वही पुरायची नाही." छत्तीस वर्षांचा संसार आहे, बोलणारच.

विषय ठरला: स्थिर पाण्यातली प्रतिबिंबं. चेणे गावाच्या मागे एक तळं सापडलं आहे. स्कूटरवर वीस-पंचवीस मिनिटं. पलीकडच्या काठाला एकच कौलारू घर, मागे दोन ताड. सकाळी सहा ते सात पाणी हलत नाही. अख्खं घर उलटं पाण्यात उतरतं, कौलंसुद्धा मोजता येतात.

अडचण एकच, घरातली माणसं. विठू आणि त्याची बायको दुर्गा, दोघं माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान असतील. बाई बरोब्बर सव्वासहाला भांडी घेऊन काठावर येते आणि पहिलं पातेलं बुडवलं की माझं घर पाण्यात विरघळून जातं. आज मी इकडून ओरडून सांगितलं, जरा थांबा. "किती येळ?" "पंधरा मिनिटं!" ती भांडी घेऊन उभी राहिली. नंतर मला वळसा घालून यायला लावलं आणि ओट्यावर बसवून चहा दिला.

विठू म्हणाला, "काढा फोटू, काढा. रस्ता मोठा होनार हाय, घर जानार आमचा." मला वाईट वाटलं, पण तो खुशीत होता. "घराला घर मिलंल ना साहेब. पक्की खोली. फकस्त कागदावर घर म्हनून लिवला पायजे. गोठा म्हनून लिवला तर काय न्हाय."

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज मंडळात काटछाट शिकवली. नीरजचं म्हणणं, फोटो काढताना काय घ्यायचं याचा विचार नवशिके करतात, काय टाकायचं याचा विचार करतो तो कलावंत. मी घरी येऊन माझे फोटो उघडले आणि डोळेच उघडले. केवढा पसारा! दोरीवर वाळत घातलेले परकर, कौलावर निळं प्लास्टिक, डिश अँटेना, लाल बादली, ओट्यावर विठूची खाट. सगळं काठावर. मग सुचलं, काठच काढून टाकला तर? वरचा अर्धा भाग कापला, नुसतं पाणी ठेवलं आणि ते खालचं वर केलं. घर सुलट झालं. तेच घर, पण किंचित थरथरणारं, जुन्या चित्रातल्यासारखं. मी हंसाला हाक मारून दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं. "छान आहे. पण कोणी राहत नाही वाटतं इथे."

हीच तर दाद!

मूळ फोटो मी ठेवत नाही. कापलेला फोटो त्याच नावावर सेव्ह करायचा आणि शनिवारी कार्ड कोरं करायचं. लॅपटॉपमध्ये जागा कमी आहे हे एक, आणि पसारा परत डोळ्यांसमोर नको हे दुसरं.

९ नोव्हेंबर, शनिवार

जमला. दिवाळीपासून गेलो नव्हतो, आज गेलो तर धुकं होतं आणि पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. दुर्गाबाई नेहमीसारख्या थांबल्या होत्या. आता सांगावंही लागत नाही, मी दिसलो की त्या भांडी खाली ठेवून उभ्या राहतात. मी वीस फोटो काढले, त्यातला सातवा.

घरी येऊन काठ कापला, उलटा केला, तर पाण्यात एका बाजूला दुर्गाबाईंच्या निळ्या लुगड्याचं प्रतिबिंब. कापायला जावं तर ताडही जातो, आणि ताडाशिवाय फोटोला अर्थ नाही. अर्धा तास डोकं धरून बसलो. मग ते पुसायचं साधन असतं ना, त्याने पुसलं. एकदा बोट फिरवलं आणि बाई गेली, तिच्या जागी स्वच्छ पाणी आलं. एवढंसं तर होतं.

नाव दिलं, 'निर्जन'.

हंसाने नाव वाचलं. "आणि चहा कुणी दिला?" म्हणाली. तिला कलेतलं कळत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या स्पर्धेत पहिला नंबर! टाळ्या, शाल, श्रीफळ. परीक्षक म्हणाले, या फोटोतली शांतता ऐकू येते. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या. ऑफिसात छत्तीस वर्षं होतो, तिथे निरोपाच्या दिवशीसुद्धा साहेबांनी माझं आडनाव चुकीचं घेतलं होतं.

बक्षिसाआधी फॉर्मवर सही घेतली. 'छायाचित्रात काटछाट केली असल्यास चालेल. मात्र कोणतीही वस्तू वा व्यक्ती पुसलेली किंवा घातलेली नाही.' पेन हातात घेतल्यावर क्षणभर थांबलो. पण मागे रांग होती आणि पुसलेलं म्हणजे काय, पाण्यावरचा एक डाग. सही केली. घरी येताना हंसा म्हणाली, "हरिश्चंद्र नाव ठेवणाऱ्या सासूबाईंना आज बरं वाटलं असतं." तिला सहीचं माहीत नाही, ती शालीबद्दल बोलत होती. तरी मला ते लागलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

मंडळाचं कॅलेंडर आलं. फेब्रुवारीच्या पानावर माझा फोटो: 'निर्जन. एक सोडून दिलेलं घर, चेणे.' सोडून दिलेलं हे नीरजने घातलं, मी म्हटलं नव्हतं. पण छापून आल्यावर काय करणार, आणि वाचायला बरं वाटतं हेही खरं.

दोन प्रती चेण्याला नेल्या. विठूचा आनंद काय विचारता! त्याने लगेच एक भिंतीला ठोकली, जानेवारीचं पान उलटून थेट फेब्रुवारी. दुसरी शेजारच्या मोठ्या घरात भावाला द्यायला निघाला. त्याचं आणि भावाचं धड नाही, वाटणीवरून भांडण आहे, तरी गेला. आमच्या घराचा फोटू कॅलेंडरात आला हे कुणाला तरी दाखवायलाच हवं होतं.

दुर्गाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. बोट ठेवून वाचत होत्या, "निर्... जन. म्हंजी काय वो साहेब?"

"शांत," मी म्हटलं. "शांत जागा."

"हां, ते हायेच," त्या म्हणाल्या. पुढची ओळ वाचायला लागल्या तेव्हा मी चहा मागितला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रस्त्याचे मोजणीवाले येऊन गेले असं विठू म्हणाला. नेमके त्या दिवशी दोघं मुलीच्या बाळंतपणासाठी वसईला होते, घराला कुलूप होतं. मी म्हटलं, परत येतील. विठूने विचारलं, "नक्की येतान ना?" मी म्हटलं, सरकारी काम आहे, दहा वेळा येतात. मला त्यातलं काय माहीत होतं? उगाच धीर दिला.

पाणी आज गढूळ होतं. एकही फोटो नाही.

३ मार्च, सोमवार

दुपारी वॉचमनचा इंटरकॉम. "अंकल, एक औरत आयी है, फाइल लेके. बोलती है फोटोवाले साब को मिलना है."

दुर्गाबाई. रिक्षा बदलत बदलत एकट्या आल्या होत्या. सोफ्यावर बसेनात, हंसाने हात धरून बसवलं. फाइल माझ्यासमोर ठेवली. रस्त्यात जाणाऱ्या घरांची यादी लागली आहे. त्यात त्यांच्या घरापुढे लिहिलं आहे: 'गुरांचा गोठा, वापरात नाही.'

रेशनकार्ड, आधार, सगळे कागद मोठ्या घराच्या पत्त्यावर. वाटणीनंतर हे तळ्याकाठी राहायला आले ते सोळा वर्षांपूर्वी, पण पत्ता बदलायचं कुणाला सुचलं नाही. वीजही मोठ्या घरातून वायर टाकून घेतलेली. आणि दिराने लेखी दिलं आहे की तो आमचा जुना गोठा, तिथे कोणी राहत नाही. गोठा ठरला तर जागेचे पैसे दोघा भावांच्या एकत्र नावावर येतात, राहतं घर ठरलं तर खोली विठूच्या नावावर जाते. दिराला पुरावा मागितला तेव्हा त्याने कॅलेंडरचं पान जोडलं.

माझा फोटो. शिक्का मारलेला, त्यावर क्रमांक सात.

"तुमी रोज येत व्हताव," दुर्गाबाई म्हणाल्या. "चार-पाच महिने. तुमच्याकडं आमचे फोटू असतीन ना? दारातले, वट्यावरचे. कायपन चालंल. चूल दिसली, कपडे दिसले तरी चालंल, असा तो कारकून बोलला. तारीख पायजे फकस्त."

मी विमा कंपनीत क्लेमच्या फायली पाहायचो. फोटो नाही, क्लेम नाही, हे वाक्य मी लोकांना किती वेळा ऐकवलं असेल. फोटोत तारीख असली की काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

"बघतो," म्हटलं. हंसाने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

४ मार्च, मंगळवार

एक हजार एकशे बेचाळीस फोटो आहेत. सकाळपासून एकेक उघडतोय. पाणी, ताड, कौलं, पाणी, कौलं, धुकं. दार नाही, ओटा नाही, खाट नाही. एकाही फोटोत परकर नाही. मी किती नीट कापलं आहे! एका फोटोत खालच्या कोपऱ्यात काहीतरी लाल सापडलं, मोठं करून पाहिलं तर बादलीची कड. कुठलीही बादली असू शकते.

कार्ड कोरं केलेलं. हाटकेशला एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे लॅपटॉप नेला. त्याने दोन तास खटपट केली. "अंकल, उसी नाम पे बार बार सेव किया है ना, पुराना ऊपर से मिट गया. पैसे मत दो."

५ मार्च, बुधवार

दुर्गाबाईंना फोन करून सांगितलं, फोटो नाहीत.  म्हणाल्या, "येक बी न्हाय?" मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "मंग तुमी सोता या साहेब. अकरा तारखेला सुनावनी हाय. शेजारी कोन दिराच्या विरोधात बोलनार न्हाय. तुमी भायरचे, शिकलेले. तुमी सांगा, मी रोज जात व्हतो, मानसं व्हती, मी त्यांचा चा पिलाय. आनि तो फोटू कसा काढला ते सांगा."

"येतो," म्हटलं. जायलाच हवं.

१० मार्च, सोमवार

मुद्दे काढून ठेवले होते. एक, मी ऑक्टोबरपासून जातो. दोन, घरात विठू आणि दुर्गा राहतात. तीन, फोटो कापलेला आहे, काठ काढून टाकलेला आहे. चार, फोटोत बाईंचं प्रतिबिंब होतं, ते मी पुसलं.

चौथा मुद्दा महत्त्वाचा. नुसतं कापलं म्हटलं तर ते विचारतील, कापलेल्या भागात माणसं होती कशावरून? पुसली हे सांगितलं तर माणूस होतं हे मीच कबूल केलं.

पाच वाजता नीरजचा फोन. 'निर्जन' पुण्याच्या मोठ्या प्रदर्शनात निवडला गेला आहे. आणि पुढच्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून माझं नाव ठरतंय. "फक्त ते डिक्लेरेशन त्यांनाही लागेल हं. पुसापुशी वगैरे नाही ना काही?"

"छे," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

आता उद्या तिकडे लेखी जबानीत पुसलं म्हणायचं आणि इकडे छे म्हणायचं? चेणे आणि पुणे, कोण कुणाला सांगायला जातंय, असं एक मन म्हणतं. पण कागद कुठे फिरत जाईल सांगता येत नाही. कॅलेंडरचं पान नाही का फिरलं? हंसाने विचारलं, उद्या किती वाजता निघायचं, मीही येते. मी म्हटलं, बघू, पोटात जळजळतंय.

११ मार्च, मंगळवार

अॅसिडिटी. खरोखरच होती. हंसाने थंड दूध आणून ठेवलं. अकराची वेळ होती. साडेदहाला दुर्गाबाईंचा फोन आला, मी उचलला नाही. परत आला. मग हंसानेच माझा मोबाइल घेतला आणि म्हणाली, "त्यांना बरं नाही."

नंतर तिने विचारलं, "मी जाऊ का रिक्षाने? मला जे माहीत आहे ते सांगते." मी म्हटलं, तू कधी चेण्याला गेलीस? तुझं कोण ऐकणार? ते बरोबरच होतं. पण मी ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी दुर्गाबाईंचा फोन. मी धीर करून उचलला. "आता कसा वाटतं साहेब? पथ्य करा. भाकर खा, पाव खाऊ नका." सुनावणीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीच विचारलं. म्हणाल्या, विठूला नीट बोलता आलं नाही, घाबरला. दीर बोलला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आठवडाभर तळ्यावर गेलेलो नाही. तब्येतीचं कारण आहेच.

७ एप्रिल, सोमवार

निकाल लागला. गोठा.

९ एप्रिल, बुधवार

आज गेलो. सगळे मुद्दे लिहून, चारही, खाली सही करून. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं.

कचेरीत दोन तास बसल्यावर आत बोलावलं. सुनावणी घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या, स्वप्नालीच्या वयाच्या, आणि वाईट नव्हत्या. माझा कागद पूर्ण वाचला. मग फाइल मागवून कॅलेंडरचं पान शेजारी ठेवलं.

"म्हणजे इथे बाई होती?"

"होती."

"तुम्ही तिला काढलं."

"हो."

"कशासाठी?"

कशासाठी! मी म्हटलं, फोटो चांगला दिसावा म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, क्लेमच्या फायलीकडे मी जसा पाहायचो तसंच काहीतरी होतं.

"काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण यादी वर गेली. आता अपील करायचं तर पुरावा लागेल. तुमचा हा कागद आणि तुमचाच हा फोटो, दोन्ही तुमच्या नावाचे. समोरचा वकील विचारेल, या माणसाचं नेमकं कुठलं खरं? तुम्ही अकरा तारखेला येऊन हेच तोंडी सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी शिपाई पाठवून पाहणी केली असती. चूल बघून आला असता तो."

म्हणजे फोटो लागलाच नसता. मी नुसता जाऊन उभा राहिलो असतो तरी पुरलं असतं. हे मी घरी येईपर्यंत स्वतःशी म्हणत होतो, काशिमिऱ्याच्या सिग्नलला मागचा हॉर्न वाजवत राहिला तरी कळलं नाही.

मी विचारलं, आता शिपाई पाठवता येणार नाही का? म्हणाल्या, अपील दाखल झालं तर. वकील करावा लागेल. वर्ष-दोन वर्षं लागतील आणि तोपर्यंत रस्ता थांबणार नाही.

१३ एप्रिल, रविवार

नीरजला सगळं सांगितलं. शाल परत घेऊन गेलो होतो. तो हसला. "अहो काका, कोण पुसत नाही? मी स्वतः वायरी पुसतो. पुण्याचं हवं तर मागे घेऊ, पण इथलं राहू द्या. कॅलेंडर वाटून झालंय, आता काय घरोघर जाऊन पान फाडणार?"

मी शाल टेबलावर ठेवून आलो. संध्याकाळी त्याने माणसाबरोबर ती परत पाठवून दिली.

अपिलासाठी वकील मी करतो म्हणून विठूला सांगून पाठवलं. त्याचा निरोप आला, मुलगी म्हणते आता भावाशी भांडण नको, ताकद नाही.

२० मे, मंगळवार

घर पाडलं. कालच पाडलं म्हणे, मी आज गेलो. कौलं आधीच उतरवून नेलेली. चुलीचा काळा चौथरा तेवढा उघडा पडलाय, दुरूनही दिसतो. चूल. इतके दिवस दारामागे होती, आता कुणालाही फोटो काढता येईल.

कॅमेरा नेला नव्हता. पाणी अगदी स्थिर होतं.

१ जून, रविवार

हंसाने पत्ता काढला. हाटकेशला गाळ्यांच्या मागे भाड्याची खोली, विठू त्याच लायनीत एका गाळ्यावर वॉचमन आहे. हंसा म्हणाली, "मी येणार नाही. हे तुमचं तुम्हीच जाऊन सांगा."

खोली म्हणजे दहा बाय दहा, पत्र्याची. शेजारच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन, रविवारीही चालू. मोठ्याने बोलावं लागत होतं. विठू ड्युटीवर होता. दुर्गाबाईंनी मला पाहिलं आणि आधी तब्येत विचारली.

मी उभ्यानेच सांगितलं. त्या दिवशी माझ्या पोटात दुखत नव्हतं, मी घाबरलो होतो. आणि निर्जनचा अर्थ शांत असा नाही, जिथे माणूस नाही ती जागा. आणि त्या फोटोत तुम्ही होतात, मी तुम्हाला पुसलं. मशीनच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं, दोनदा. शेजारची बाई डोकावून गेली.

 त्यांनी तिसरीच गोष्ट धरली, म्हणाल्या, "मी व्हते? त्या कॅलेंडरच्या फोटूत?"

"होतात. निळ्या लुगड्यात."

"दाखवा बगू."

मोबाइलवर फोटो काढून दिला. त्यांनी पदराने काच पुसली आणि डोळ्यांजवळ धरला. "कुटं?"

मी बोट पुढे केलं आणि मला आठवेना. ताडाच्या डावीकडे की उजवीकडे? अर्धा तास डोकं धरून बसल्यावर मी ती जागा साफ केली होती आणि ती कुठे ते मलाच सापडेना. सगळीकडे सारखंच पाणी. शेवटी अंदाजाने एका ठिकाणी बोट टेकवलं.

दुर्गाबाईंनी मान हलवली. "न्हाय साहेब. हितं खोल हाय. हितं मी कशाला हुबी ऱ्हाऊ?" त्यांनी स्वतःच शोधलं, बोट हळूहळू सरकवत. "हितं. ह्या बाजूला दगड हाय ना, त्येच्यावर. हितंच आसन मी."

"हो," मी म्हटलं. "तिथेच."

त्यांनी बोट तिथेच ठेवलं. मग अगदी साधेपणाने, रेशनच्या दुकानात विचारावं तसं विचारलं, "काडता येते तशी परत घालता येत आसन ना मला?"

मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नसावं. "पोरीला इचारते," म्हणाल्या, "तिच्या मोबाइलात सगला करता येतं." आणि मुलीचा नंबर सांगायला लागल्या, एकेक आकडा, मशीनच्या वरून मोठ्याने. मी लिहून घेतला आणि फोटो पाठवला.